रोगाच्या मुळाशी जाणारा ख्रिस्तसेवक : टोयोहिको कागावा

आजाऱ्यांची शुश्रूषा हे ख्रिस्ती मंडळीने आरंभापासून आपले कर्तव्य मानले आहे. आपल्या देशातही मिरज, वेल्लोर, लुधियाना ही नावे उच्चारताच मिशनच्या वैद्यकीय सेवेचा मोठा वारसा डोळ्यांपुढे उभा राहतो. तथापि या सेवेत आयुष्य वेचणाऱ्यांना एक प्रश्न केव्हा ना केव्हा छळल्यावाचून राहत नाही. औषधाने बरा झालेला रुग्ण ज्या ओलसर, अंधाऱ्या खोलीत परत जातो आणि ज्या अर्धपोटी अवस्थेत पुन्हा कामाला जुंपला जातो, तेथे त्याचा रोग त्याची वाट पाहत बसलेला असतो. अशा वेळी सेवकाने काय करावे? पुन्हा औषध द्यावे, की त्या खोलीकडे आणि त्या रिकाम्या भांड्याकडे लक्ष वळवावे?

जपानमधील टोयोहिको कागावा यांनी या प्रश्नाला आपल्या संपूर्ण आयुष्याने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. ते डॉक्टर नव्हते. ते उपदेशक, लेखक आणि संघटक होते. शिवाय स्वतः क्षयाने पोखरलेले आणि डोळ्यांनी अधू होते. गरिबांचे रोग कोठे जन्मतात हे त्यांनी गरिबांच्या शेजारी राहून पाहिले. जे पाहिले त्यामुळे त्यांना दयाधर्माच्या सुपरिचित वाटेवरून फार पुढे जावे लागले.

पोरके बालपण

टोयोहिकोचा जन्म १० जुलै १८८८ रोजी कोबे या बंदराच्या शहरी झाला. वडील प्रतिष्ठित घराण्यातले, काही काळ सरकारी अधिकारपदावर राहिलेले आणि नंतर जहाजवाहतुकीच्या धंद्यात पडलेले होते. आई गेइशा, म्हणजे नृत्यगायन करून पाहुण्यांचे मनोरंजन करणाऱ्या स्त्रियांपैकी एक. ती त्यांची विवाहित पत्नी नव्हती. टोयोहिको जेमतेम चार वर्षांचा असताना वडील वारले आणि त्यानंतर थोड्याच काळात आईही गेली. या पोरक्या मुलाला शिकोकू बेटावरील टोकुशिमाजवळच्या वडिलोपार्जित घरी पाठविण्यात आले. तेथे वडिलांची विवाहित पत्नी राहत होती. तिच्या दृष्टीने हा मुलगा म्हणजे घराण्याच्या अपमानाची रोज डोळ्यांसमोर वावरणारी खूण होती. घर मोठे होते, जमीनजुमला होता. माया मात्र नव्हती. पुढे थोरल्या भावाने उधळपट्टी करून घराण्याची दौलत घालविली आणि १९०३ मध्ये कुटुंबाचे दिवाळे निघाले.

याच सुमारास टोकुशिमाच्या शाळेत शिकत असताना त्याची ओळख लोगन आणि मायर्स या दोन अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनऱ्यांशी झाली. इंग्रजी शिकावी म्हणून तो त्यांच्या बायबल वर्गाला जाऊ लागला. ज्या मुलाला कोणी आपला म्हटले नव्हते त्याला या घरात आपलेपणा लाभला. २१ फेब्रुवारी १९०४ रोजी मायर्स यांच्या हस्ते त्याने बाप्तिस्मा घेतला. श्रीमंत चुलत्याने त्याच्या शिक्षणाचा भार उचलण्याची तयारी दाखविली होती. पण हा पुतण्या उपदेशक होणार हे कळताच त्यांनी पाठ फिरविली. मायर्स यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये तो टोकियोच्या मेइजी गाकुइन महाविद्यालयात दाखल झाला व पुढे १९०७ मध्ये कोबेच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात आला.

मृत्यूच्या दारातून

१९०७ च्या उन्हाळ्यात तोयोहाशी या गावी तरुण कागावा रस्त्यावर उभे राहून सुवार्ता सांगत असत. एके संध्याकाळी पावसात बोलता बोलता ते कोसळले. छातीत क्षयाने घर केले होते. डॉक्टरांनी आशा जवळजवळ सोडली होती. त्या गावचे पाळक नागाओ अत्यंत गरिबीत संसार चालवीत होते. स्वतःच्या मुलाबाळांना पोटभर अन्न मिळण्याची पंचाईत असताना त्यांनी या आजारी विद्यार्थ्याला घरात ठेवून त्याची सेवा केली. क्षयरोग्याला घरात ठेवणे म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसाला सांगावे लागत नसे. ख्रिस्ताची प्रीती म्हणजे काय याचा धडा कागावांना विद्यालयापेक्षा या घरात अधिक मिळाला.

पुढे इस्पितळातून निघाल्यावर त्यांनी गामागोरी या समुद्रकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत कित्येक महिने एका झोपडीत एकट्याने काढले. मरण दारात उभे असताना त्यांनी तेथे एका कादंबरीचा कच्चा खर्डा लिहिला. पुढे त्या लिखाणाने केवढी कामगिरी बजावावी हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आपले आयुष्य थोडेच उरले आहे अशी त्यांची खात्री झाली होती. उरलेले दिवस ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी खर्च करावेत, असा निश्चय करून ते कोबेला परतले.

शिन्कावाची वस्ती

कोबे हे त्या काळी जपानचे भरभराटीचे बंदर होते. गोदीवर जहाजे बांधली जात, कारखान्यांत आगपेट्या तयार होत, आणि या सर्व उद्योगांना लागणारी स्वस्त माणसे शिन्कावा नावाच्या वस्तीत कोंबलेली असत. हमाल, रोजंदार, चिंध्या वेचणारे, भिकारी, आगपेटीच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका आणि मुले अशा हजारो जीवांची ती वस्ती होती. आपल्याकडील चाळीसारख्या लांबट लाकडी घरांच्या ओळी, त्यांत खुराड्यांएवढ्या खोल्या, मधून गटारांच्या अरुंद गल्ल्या आणि अनेक कुटुंबांत एक नळ व एक शौचकूप अशी तेथील व्यवस्था होती. खोलीचे भाडे रोजच्या रोज द्यावे लागे, कारण महिन्याचे भाडे एकदम देण्याइतका पैसा कोणाच्या गाठीला कधी साठतच नसे. ज्या दिवशी काम नसे त्या दिवशी अन्न नसे. आणि आजारी माणसाला तर काम कधीच नसे.

२४ डिसेंबर १९०९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, एकवीस वर्षांच्या कागावांनी आपले थोडेसे सामान व पुस्तके हातगाडीवर टाकली आणि ते शिन्कावात राहावयास गेले. त्यांना मिळालेल्या खोलीत पूर्वी एक खून झाला होता; तेथे भूत आहे या समजुतीने ती रिकामी पडली होती. त्या लहानशा जागेत लवकरच इतर माणसे येऊन राहू लागली. कोणी त्वचारोगाने खाजवून जर्जर झालेला, कोणी दारूने खचलेला. खुनाची शिक्षा भोगून आलेला एकजण रात्री भयाने झोपू शकत नसे; तो कागावांचा हात धरून झोपे. या सोबत्यांबरोबर एकाच अंथरुणावर झोपण्याचे मोल कागावांना जन्मभर द्यावे लागले. त्यांच्या डोळ्यांना खुपरीचा संसर्ग झाला आणि हळूहळू दृष्टी मंद होत गेली.

ते आजाऱ्यांजवळ बसत, बेवारशी प्रेते धुऊन त्यांचे दफन करीत, मुलांना शिकवीत आणि गल्लीत उभे राहून शुभवर्तमान सांगत. विद्यालयाच्या शिष्यवृत्तीत भागेना म्हणून धुराडी साफ करण्याचे कामही त्यांनी केले. दारूड्यांनी पैशांसाठी त्यांना मारले. त्यात त्यांचे पुढचे दात पडले. तरी ते वस्ती सोडून गेले नाहीत.

या वस्तीतील सर्वांत भयंकर प्रकार तान्ह्या मुलांचा होता. नको असलेली मुले थोड्या पैशांसह शिन्कावातील गरिबांना देऊन टाकण्याची चाल होती. घेणारा पैसे ठेवून घेई आणि पोराला पेजेच्या पाण्यावर ठेवी. मग काही आठवड्यांतच ते दगावत असे. अशाच एका मरणोन्मुख मुलीला कागावांनी स्वतःच्या खोलीत आणले. रात्री उठून दूध पाजणे, तापात कपाळ पुसणे हे सर्व त्या अविवाहित तरुणाने केले. त्या मुलीचा आजार कोणता असे विचारले तर डॉक्टर अपचन किंवा ताप असे म्हणाला असता. कागावांना मात्र स्पष्ट दिसत होते की, तिला मारणारी गोष्ट भूक होती, आणि त्या भुकेच्या पाठीमागे एक सबंध बाजार उभा होता.

हारूची साथ

१९१३ मध्ये कागावांचा विवाह हारू शिबा या तरुणीशी झाला. त्या छापखान्याच्या बांधणी खात्यात काम करणाऱ्या कामगार होत्या आणि शिन्कावातील उपासनेला येता येता सेवाकार्यात ओढल्या गेल्या होत्या. विवाहानंतर त्यांनी दुसरीकडे संसार थाटला नाही. त्या वस्तीतच राहिल्या. आजाऱ्यांच्या जखमा धुणे, उवा काढणे, बाळंतिणींकडे पाहणे ही कामे त्यांनी उचलली. त्यांच्याही डोळ्यांना खुपरीने ग्रासले. पती अमेरिकेत असताना त्यांनी योकोहामा येथे ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि पुढे १९२१ मध्ये स्त्रियांच्या जागृतीसाठी एक संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. स्वतः कारखान्यात काम केलेले असल्याने कामकरी बाईचे दुखणे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. कागावांच्या कार्याचा विचार करताना हारूबाईंचा वाटा दुय्यम मानणे योग्य होणार नाही. पतीच्या पश्चात बावीस वर्षे त्या हे कार्य सांभाळीत होत्या. १९८२ मध्ये त्या निवर्तल्या.

दानाची मर्यादा

शिन्कावातील पहिल्या चार-पाच वर्षांत कागावांनी जे शक्य होते ते सर्व देऊन पाहिले. स्वतःचे कपडे दिले, जेवण दिले, औषधपाणी केले. गरिबांना स्वस्तात जेवता यावे म्हणून त्यांनी एक खाणावळही उघडली. परंतु फुकट खाणाऱ्यांची गर्दी होऊन ती थोड्याच काळात बंद पडली. एका माणसाला गल्लीतून बाहेर काढावे तोवर शेतीतून उखडलेली दहा माणसे तेथे येऊन पोहोचत. क्षयाच्या एका रोग्याला दूध मिळवून द्यावे तोवर त्याच्या उशाशी झोपणारी त्याची भावंडे खोकू लागत.

कागावांचा स्वभाव अभ्यासकाचा होता. त्यांनी वस्तीतील घरे, मिळकत, आहार, आजार आणि मृत्यू यांची पाहणी केली व १९१५ मध्ये गरिबांच्या मानसिकतेवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजारामुळे माणूस गरीब होतो आणि गरिबीमुळे आजारी पडतो, हे चक्र त्यांनी त्यात मांडले. रोजंदार अंथरुणाला खिळला की भाडे थकते. भाडे थकले की वस्तू गहाण पडतात. मग मुले शाळेऐवजी कारखान्यात जातात आणि खोकत परत येतात. हे चक्र वाटीभर औषधाने थांबत नाही. चांगल्या शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूच्या जखमा बांधल्या. पण त्याच वाटेवर रोज माणसे लुटली जात असतील तर ती वाट सुरक्षित करणे हेही त्याचेच काम नव्हे काय, असा विचार त्यांच्या मनात मूळ धरू लागला.

१९१४ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे गेले. ईश्वरविज्ञानाबरोबर त्यांनी मानसशास्त्र व जीवशास्त्र यांचाही अभ्यास केला. न्यूयॉर्कमध्ये शिवणकाम करणाऱ्या कामगारांचा प्रचंड मोर्चा त्यांनी पाहिला. फाटक्या कपड्यांतील ती माणसे भीक मागत नव्हती. आपल्या श्रमाचे मोल मागत होती. शिन्कावाला जे हवे होते ते हेच, असे त्यांना वाटले. गरिबांसाठी काही करण्यापेक्षा गरिबांनी एकत्र येऊन स्वतःसाठी करावे, हा विचार घेऊन १९१७ मध्ये ते परत आले आणि पुन्हा त्याच वस्तीत राहू लागले. तेथे डॉक्टरच्या मदतीने दवाखाना सुरू झाला. तो आवश्यकच होता; पण यापुढे कागावांची मुख्य शक्ती दवाखान्याबाहेर खर्च होणार होती.

तांदूळ, मजुरी आणि सहकार

१९१८ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये तांदळाचे भाव झपाट्याने चढले. मजुराची दिवसाची कमाई एका वेळच्या भातालाही पुरेना. देशभर दंगे उसळले. कोबेमध्ये जमावाने साठेबाजीचा आरोप असलेल्या एका बलाढ्य व्यापारी पेढीला आग लावली. जाळपोळीने दुसऱ्या दिवशी कोणाच्या घरी भात शिजत नाही, हे कागावा ओळखून होते. त्यांनी दुसरा मार्ग सुचविला. गरिबांनी थोडेथोडे भांडवल गोळा करून स्वतःचे दुकान काढावे, शुद्ध आणि वाजवी दराचा माल घ्यावा, आणि जो नफा होईल तो सभासदांतच वाटून घ्यावा, अशी ती योजना होती. त्यानुसार प्रथम ओसाका येथे आणि नंतर १९२१ मध्ये कोबे व शेजारच्या नाडा भागात ग्राहकांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या. या दोन संस्था पुढे एक झाल्या. आज को-ऑप कोबे या नावाने ती संस्था चालू असून तिच्या सभासदांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे.

कामगार संघटनेतही ते अग्रभागी होते. १९२१ मध्ये कोबेच्या कावासाकी व मित्सुबिशी जहाजबांधणी कारखान्यांत सुमारे तीस हजार कामगारांचा संप झाला. महायुद्धापूर्वीच्या जपानमधील तो सर्वांत मोठा संप होय. संप शांततेने चालावा यासाठी कागावांनी जिवाचे रान केले. त्यांना अटक झाली, काही दिवस तुरुंगात काढावे लागले आणि अखेर संप फसला. मालकांना ते बंडखोर वाटले, तर जहाल कामगार पुढाऱ्यांना ते फार मवाळ वाटू लागले. कित्येक ख्रिस्ती बांधवांनाही उपदेशकाने संपात पडावे हे रुचले नाही.

या सर्व कार्यांना पैसा आला तो गामागोरीच्या झोपडीत आरंभ झालेल्या त्या कादंबरीतून. १९२० मध्ये ती मृत्यूची रेषा ओलांडून अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. लेखक एकाएकी देशभर प्रसिद्ध झाला. मिळालेले मानधन त्यांनी कामगार व शेतकरी संघटना, दवाखाने आणि मंडळीचे कार्य यांत खर्च करून टाकले. सुशिक्षित वर्गाने या पुस्तकातून प्रथमच शिन्कावाच्या गल्ल्या पाहिल्या. गलिच्छ वस्त्या सुधारण्याविषयी लोकमत तयार होण्यात या लेखनाचा मोठा वाटा होता. १९२७ मध्ये जपान सरकारने निकृष्ट घरांच्या वस्त्या सुधारण्याचा कायदा केला.

खेड्यांकडे

झोपडपट्टीत येणारी माणसे बहुतांशी खेड्यांतून येत. कुळांना पिकाचा जवळजवळ अर्धा वाटा जमीनमालकाला द्यावा लागे. पीक बुडाले की मुलगी कापडगिरणीत आणि मुलगा शहरात जाई. गिरणीच्या वसतिगृहात क्षय झालेली मुलगी मरण्यासाठी गावी परत येई, आणि तिच्याबरोबर रोगही गावात येई. म्हणून शहरातील रोगाचे एक मूळ शेतात आहे असे कागावांचे मत झाले. १९२२ मध्ये त्यांनी मोतोजिरो सुगियामा या ख्रिस्ती सहकाऱ्यासह जपान शेतकरी संघ स्थापन केला. पुढे त्यांनी शेतकऱ्यांसाठी सुवार्ता विद्यालये चालविली. त्यांत बायबलबरोबर शेतीचे व सहकाराचे शिक्षण मिळे. डोंगरउतारावर अक्रोड व चेस्टनटची झाडे लावावीत, त्यांच्या फळांवर डुकरे पोसावीत, शेळ्या व मधमाश्या पाळाव्यात, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि भातावरच जगणाऱ्या कुटुंबाला दूध, मांस व मध मिळेल, असे ते शिकवीत. शेतकऱ्याच्या ताटात काय पडते यावर त्याच्या मुलाची छाती अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते.

मध्यंतरी १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो व योकोहामा परिसरात प्रलयंकारी भूकंप झाला. भूकंप आणि त्यानंतरची आग यांत एक लाखाहून अधिक माणसे मृत्यू पावली. कागावा तातडीने टोकियोला गेले आणि सर्वाधिक हानी झालेल्या होंजो या गरीब वस्तीत तंबू ठोकून राहिले. अन्न, पांघरुणे, मुलांसाठी दूध व औषधोपचार यांची व्यवस्था त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह उभारली. तात्पुरत्या मदतीवर न थांबता त्या वस्तीत त्यांनी कायमचे सेवाकेंद्र सुरू केले.

लोकांच्या मालकीचे इस्पितळ

कागावांच्या विचाराला सर्वांत स्पष्ट रूप मिळाले ते सहकारी इस्पितळात. त्या काळी जपानमध्ये डॉक्टर होते. पण ते प्रामुख्याने शहरात आणि पैसेवाल्यांसाठी होते. गरीब कुटुंबात एक मोठे दुखणे आले की शेत तरी जाई किंवा मुलगी तरी विकली जाई. यावर कागावांची योजना साधी होती. अनेक कुटुंबांनी लहानलहान भाग घेऊन इस्पितळाचे मालक व्हावे, कारभारी मंडळ स्वतः निवडावे आणि डॉक्टर व परिचारिका पगारावर नेमाव्यात. आजारी पडण्यापूर्वीच सर्वांनी मिळून आजाराची तरतूद करावी. असे झाले म्हणजे गरिबाला उपकाराची याचना करावी लागणार नाही; तो आपल्याच इस्पितळात जाईल. शिवाय सभासद निरोगी राहण्यात अशा इस्पितळाचे हित असल्याने रोग होऊ नये याकडेही लक्ष दिले जाईल.

१९३१ मध्ये टोकियोत अशी संस्था स्थापण्यासाठी सरकारकडे अर्ज करण्यात आला. खासगी डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. आपला व्यवसाय बुडेल अशी त्यांना भीती होती. तरीही १९३२ मध्ये परवानगी मिळाली. राष्ट्रसंघात उच्च पदावर काम केलेले ख्रिस्ती विचारवंत इनाझो नितोबे हे तिचे अध्यक्ष झाले. खेड्यांतही अशा वैद्यकीय सहकारी संस्था वाढत गेल्या. १९३८ मध्ये जपानमध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा झाला, त्याच्या पाठीशी या संस्थांचा अनुभव होता. १९६१ मध्ये तेथील सर्व नागरिक आरोग्य विम्याच्या छत्राखाली आले. हे श्रेय एका माणसाचे नाही. परंतु आजारी गरिबाला आधार मिळणे हा त्याचा हक्क आहे, हा विचार जपानच्या समाजात रुजविणाऱ्यांत कागावांचे स्थान निश्चित आहे.

या काळातील एक घटना उल्लेखनीय आहे. सहकारावर व्याख्याने देण्यासाठी १९३५ च्या अखेरीस ते अमेरिकेला गेले असता सॅन फ्रान्सिस्को बंदरात त्यांना अडविण्यात आले. कारण होते डोळ्यांतील खुपरी. अखेर राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या मध्यस्थीने त्यांना अटींवर प्रवेश मिळाला. पंचवीस वर्षांपूर्वी शिन्कावात एका अंथरुणावर झोपताना जडलेला रोग जगप्रसिद्ध कागावांची पाठ सोडीत नव्हता.

भारतभेट आणि युद्धाची कसोटी

डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळील तांबरम येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. तिच्यासाठी कागावा भारतात आले. नंतर जानेवारी १९३९ मध्ये गुजरातेतील बारडोली येथे त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली. सहकारी चळवळीविषयी बोलणे झाले. पण या भेटीतील खरा विषय वेगळा होता. जपानने चीनवर आक्रमण केले होते. युद्धाला विरोध असलेल्या ख्रिस्ती माणसाने आपल्याच देशात काय करावे, हा पेच कागावांनी गांधीजींपुढे मांडला. आपली श्रद्धा उघडपणे जाहीर करावी आणि त्यासाठी प्राण द्यावा लागला तरी द्यावा, असा गांधीजींचा सल्ला होता. आपल्यावर अवलंबून असलेल्या संस्थांचे आणि माणसांचे काय होईल, हे ओझे कागावांच्या मनावर होते.

ऑगस्ट १९४० मध्ये लष्करी पोलिसांनी त्यांना अटक केली. जपानने चीनवर केलेल्या अन्यायाबद्दल त्यांनी चिनी बांधवांची क्षमा मागितली होती, हेही त्यांच्या अपराधांत गणले गेले. त्यांची सुटका झाली. पण युद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी नभोवाणीवरून अमेरिकेवर टीका करणारी भाषणे दिली. यामुळे त्यांच्या अनेक चाहत्यांना धक्का बसला. बारडोलीत ऐकलेल्या सल्ल्याप्रमाणे ते अखेरपर्यंत वागले, असे म्हणता येत नाही.

आणखी एक उणीव सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. जपानमध्ये बुराकू नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आपल्याकडील अस्पृश्यांसारख्या बहिष्कृत समाजाविषयी कागावांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात अपमानकारक विधाने केली. ज्या माणसांच्या शेजारी ते राहिले त्यांतलेच कित्येक या समाजाचे होते. त्यांच्या दुःस्थितीचे कारण समाजाच्या तिरस्कारात शोधण्याऐवजी त्यांच्या वंशात शोधण्याची चूक त्यांनी केली. या लेखनावर पुढे कठोर टीका झाली आणि ती योग्यच होती. परिस्थिती माणसाला आजारी करते हे ज्याने जगाला दाखविले, त्यालाच जातीय तिरस्कार हीदेखील एक परिस्थिती आहे हे पूर्णपणे उमगले नाही. जातिभेदाचे व्रण अद्याप बाळगणाऱ्या भारतीय मंडळीने या चुकीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

अखेरचे दिवस

युद्धानंतर उद्ध्वस्त जपानमध्ये कागावांनी सहकारी संस्थांच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेतले आणि सुवार्ताप्रसारासाठी देशभर प्रवास केला. साहित्य आणि शांतता या दोन्ही नोबेल पारितोषिकांसाठी त्यांचे नाव सुचविले गेले. प्रकृती मात्र खचत गेली. जानेवारी १९५९ मध्ये शिकोकू बेटावर प्रचारदौऱ्यासाठी गेले असता ते गंभीर आजारी पडले. पोरकेपणी ज्या बेटावर त्यांना येशूची ओळख झाली त्याच बेटावर त्यांचे सार्वजनिक कार्य संपले. २३ एप्रिल १९६० रोजी टोकियो येथे त्यांनी देह ठेवला. विशीतच ज्याला डॉक्टरांनी मरणाच्या दारी सोडले होते, तो माणूस एकाहत्तर वर्षे जगला.

कागावांचे चरित्र वाचून आपल्यापैकी प्रत्येकाला झोपडपट्टीत जाऊन राहणे जमेल असे नाही. परंतु आपल्या मंडळ्या मुंबईत आहेत, इंदूर, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली अशा शहरांतही आहेत. आणि यांपैकी प्रत्येक शहराची एक शिन्कावा आहे. आपल्या मंडळीचा दवाखाना, शिवणवर्ग किंवा नाताळचे धान्यवाटप यांची किंमत कमी नाही. मात्र धान्य घेण्यासाठी दरवर्षी तीच माणसे त्याच रांगेत उभी असतील, तर त्यांच्या खोलीत पाणी येते का, त्यांची मजुरी पुरते का, त्यांच्या मुलांना दूध मिळते का, आणि हे सर्व मिळविण्यासाठी ती माणसे एकत्र येऊ शकतील का, हे विचारण्याची वेळ आली आहे. मंडळीच्या पुढील सभेत हे प्रश्न कामकाजात घेतले गेले आणि त्या रांगेतील दोन माणसांनाही त्या सभेत बसवून घेतले गेले, तर कागावांच्या कार्याचे ते यथोचित स्मरण होईल.